कडू भाकर कोणाच्या दारी

साहेब, तुम्ही गावाला मरणाचा निरोप धाडलात आणि मेलेल्याचं नाव धाडायला विसरलात. विसरलात म्हणायचं ते जिभेच्या सवयीनं. विसरायला आधी ठाऊक असावं लागतं. तुमच्या पुलाच्या पायाच्या खड्ड्यात माती ढासळली, माणूस गाडला गेला, तो कोण हे तुम्ही कोणाला विचारलं नाहीत. हजेरीत तुम्ही माणसांची नावं लिहीतच नव्हतात, नुसतं गाव लिहीत होतात. वर तुमचा शिपाई सायकलीवर टांग तशीच ठेवून सांगून गेला, "तुमच्या गावचे दोघं होते. एक वारला, एक दवाखान्यात आहे." कोण वारला? "ते साहेबांना विचारा."

विचारायचंच आहे. पण आधी त्या दिवशी गावात काय झालं ते ऐका.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं होतं. खांडबाऱ्याच्या स्टेशनापासून बैलगाडीच्या टप्प्यातलं हे गाव. पुलाच्या कामावर गावातले दोनच जण होते, पार्वतीबाईचा उखा आणि नईमाचा शकील. पार्वतीबाई रांडमुंड बाई, मजुरीवर पोर वाढवलेली. नईमाचा नवरा अनीस पिंजारी, दारोदार गाद्या भरत फिरणारा. दोघींची दारं गल्लीत समोरासमोर, मध्ये एक निंबाचं झाड. पोरंही त्या झाडाखालीच मोठी झाली. एक कुदळ मारायचा, दुसरा माती भरून घमेलं उचलायचा. दमले की कुदळ आणि घमेलं बदलून घ्यायचे.

या गावाला बाकी काही येवो न येवो, दुःखात माणसाजवळ बसायला येतं. ज्या घरात मौत होते त्या घरची चूल पेटत नाही. शेजारणी भाकरी थापून, फडक्यात झाकून नेतात. तिला कडू भाकर म्हणतात. बाया दारावर बसतात. कोणी शहाणपण शिकवत नाही, कोणी देवाची मर्जी सांगत नाही. नुसतं बसायचं, आणि घरचं माणूस खात नसलं तर त्याला खाऊ घालायचं. यात गल्ली आणि मोहल्ला असा भेद नव्हता. पार्वतीबाईचा नवरा गेला तेव्हा तिनं पहिली भाकर भिंतीवर फेकली होती. नईमानं ती उचलली, फुंकली, आणि पार्वतीबाईचे गाल दाबून धरून तिच्या गळ्याखाली उतरवली होती. "रड, पन खा," म्हणाली होती.

तर शिपाई गेला, आणि घराघरात तवे चढले. भाकरी झाल्या, फडकी झाकली, बाया निघाल्या. निंबाखाली आल्या आणि तिथंच थांबल्या.

"आते कोना दारवर बसू व माय?" फुलवंताबाई एकदा या, एकदा त्या दाराकडे हात करत म्हणाली. ती गावातली तोंडाळ बाई, पण प्रत्येक मौतीला पहिली भाकर तिचीच. "आठे बसनू ते आठली रडी, तठे बसनू ते तठली. मन्ही भाकर थंडी व्हई ऱ्हायनी, आनि मरेल कोन हाई बी ठाउक नही!"

"अर्ध्या आठे बसा, अर्ध्या तठे," शांतीबाईनं तोड काढली.

"हां! आनि जो जित्ता शे तो घर ईसनी इचारी, काकी, माले मरेल समजीसन दारवर कोन कोन बसनं व्हतं?"

एक दोघींना हसू फुटलं, आणि लगेच त्यांनी पदर तोंडात कोंबला. पोलीस पाटील करणसिंग आबा काठी टेकत आले. "वरतीन नाव येई, तवलग थांबा," म्हणाले.

"वरतीन जीव लई गयात, आबा. नाव कव्हय देतीन?"

आबा निंबाच्या पाराला टेकून उभे राहिले.

पार्वतीबाई घरात चुलीपुढं बसली होती. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. चूल पेटवली तर उखा जिवंत आहे असं म्हटल्यासारखं होतं, आणि असं धडधडीत म्हणायला जीव धजत नव्हता. नाही पेटवली तर आपल्याच हातानं त्याला मारल्यासारखं. तिनं काडी ओढली, विझू दिली. पुन्हा ओढली. दाराच्या फटीतून तिनं समोरच्या कौलांकडे पाहिलं. तिथंही धूर नव्हता. नईमासुद्धा तशीच बसली असणार.

तिच्या मनात आलं, या बाया तिकडे का जात नाहीत? एकदा जाऊन बसल्या की झालं. मग कळेल तरी. काय कळेल? काहीच कळणार नव्हतं. पण गाव ज्या दारावर बसतं तिथला माणूस मेलेला असतो, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं. गाव आजवर चुकलं नव्हतं. मग गावानं समोर बसावं. बसावंच. शकीलला न्हाऊ घातलं होतं तिनं. तरी असं वाटणं काही थांबेना.

तिनं चूल पेटवली. भाकर थापली, शेकली, फडक्यात झाकली. आपण शेजारधर्मच करतोय, नईमा सकाळपासून उपाशी असेल, असं स्वतःला सांगत ती गल्ली ओलांडून गेली. बायांनी वाट दिली. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

नईमा उंबऱ्यावर बसून कापसातली सरकी वेगळी करत होती. वेगळी केलेली सरकी पुन्हा त्याच ढिगात टाकत होती. तिनं झाकलेलं फडकं पाहिलं आणि तिचा हात थांबला.

"तुले कोनी सांगं?"

"कोनी नही."

"मंग हाई कसाले आनी?"

"तू भूकी व्हशी म्हनीसन."

"भूक ते रोजनीच शे. रोज कव्हय भाकर झाकीसन आनस?"

पार्वतीबाईला तोंड वर करवेना. नईमानं तिच्या हातातून फडकं घेतलं, उघडलं, भाकर मोडली.

"खाई लेस मी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "मी खादी म्हंजे मन्हा गया, तुन्हा वाचना. असंच ना व बहिन?"

तिनं घास तोंडाशी नेला. आणि पार्वतीबाईनं झडप घातली. घास हिसकला, मुठीत आवळला.

"खाऊ नको! नईमा, खाऊ नको व!"

दोघी उंबऱ्यावरच एकमेकींना धरून बसल्या. रडावं तर कोणासाठी, ते ठरेना. रडू येत होतं आणि अर्ध्यात थांबत होतं. निंबाखालच्या बायांची तीच गत.

"मंग या भाकरीस्नं काय करू?" फुलवंताबाईनं नाक ओढत विचारलं.

पार्वतीबाई उठली. "ज्यास्ले ठाउक शे, त्यास्ना दारवर बसूत."

करणसिंग आबा पुढं झाले. "सायेबनं दार काय दुखनं दार शे?"

"मडं कोना दारमायीन उठनं, आबा? त्यास्नाच ना? मंग दुख बी तठेच."

आबांनी टेकलेली काठी उचलली. मग म्हणाले, "गाड्या जुपा."

ऊन कलायच्या आत गाड्या तुमच्या बंगल्यापुढं सुटल्या, साहेब. बाया दारावर बसतात तशा बसल्या, काही व्हरांड्यात, काही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. भाकरी मध्ये ठेवल्या. तुमचा खानसामा हातात कोंबडी धरून आला आणि बायांना ओलांडावं कसं ते न कळून उभाच राहिला. कोंबडी तेवढी ओरडत होती.

तुम्ही बाहेर आलात. "मयताचा वारस कोण? त्यानं पुढं या."

पार्वतीबाई उठली. नईमाही उठली.

"मयत एकच आहे. वारस दोन कसे?"

"तेच इचाराले उनूत, सायेब," फुलवंताबाई म्हणाली.

तुम्ही कारकुनाकडे पाहिलंत. "दहन केलं साहेब, माझ्यासमोर," तो म्हणाला. मुकादम मागून बोलला, "दहन कुठलं? लाकडं होती कुठं? पुरलं." दोघं तिथंच हुज्जत घालू लागले. जाळला असेल तर उखा का? पुरला असेल तर शकील का? पार्वतीबाईच्या डोक्यात हे गरगरलं, आणि पाठोपाठ कळलं की यांनी न विचारताच काय ते केलं, तर त्यावरून काय ओळखायचं?

"दवाखाना कोनता?" गाडी हाकत आलेल्या अनीसनं, शकीलच्या बापानं, हात जोडून विचारलं.

"जीप नंदुरबारकडे गेली," कारकून म्हणाला.

"सुरतेकडे," मुकादम म्हणाला.

"तो शुद्धीवर आला की नाव सांगेल, आम्ही कळवू," तुम्ही म्हणालात. "रीतसर अर्ज द्या आणि घरी जा. आणि हे अन्न इथं कशाला मांडलंय?"

"सायेब, जेना घर मौत, तेनी चूल पेटत नही," फुलवंताबाईनं भाकरीवरचं फडकं काढलं. "आज तुम्हनी बी चूल बंद. हाई कडू भाकर. खा."

तुम्ही खाल्ली नाहीत. आत गेलात, दार लावून घेतलंत. बाया हलल्या नाहीत. पार्वतीबाई तेवढी उठली. मुठीत अजून तो हिसकलेला घास होता, घामानं ओला, चुरा झालेला. तिनं लावलेल्या दारापुढं मूठ उघडली. शेजारी नईमा येऊन उभी राहिली.

"सायेब," पार्वतीबाई दाराला म्हणाली, "हाऊ घास मी खाऊ, का हिले देऊ? सांगा."