बुडवलेली आलिओली

चुलीवरच्या जाळीत वांगी, कांदे आणि लाल ढोबळ्या मिरच्या काळ्याठिक्कर होईपर्यंत भाजून झाल्या होत्या. तेक्ला आत्या खिडकीशी बसून, बोटे फुंकत त्यांची साले काढत होती. नेउसचे तिकडे लक्ष नव्हते. तिच्या हातात तेलाची झारी होती आणि समोर तिचे वडील सादुर्नी मांडीत खल धरून बसले होते.

खलात लसूण आणि मीठ होते. त्यात तेल थेंबाथेंबाने पडावे आणि बत्ता न थांबता, एकाच दिशेने फिरावा, की भाज्यांसोबत खायची लोण्यासारखी दाट चटणी, आलिओली, जमून येते. दिशेला काही अर्थ नाही, हे नेउसला ठाऊक होते. न थांबण्याला आहे. चाळीस वर्षे ती सादुर्नीच करत. गेल्या तीन रविवारी ती फुटली होती, तेल वेगळे झाले होते. पहिल्यांदा दोष झुळकीला गेला, मग शेजारणीच्या नजरेला, मग लसणाला.

मातीचे नमुने तपासण्यात नेउसची वीस वर्षे गेली होती. तिने मोजले. पहिल्या मिनिटात बासष्ट फेरे, चौथ्यात एकेचाळीस. खलाच्या काठाला लागून निघालेले वर्तुळ आता नाण्याएवढे उरले होते. मंगळवारची डॉक्टरांची वेळ तिने परस्पर घेऊन ठेवली होती. ते सांगायचे तिने सकाळपासून चारदा ठरवले होते आणि चारदा टाळले होते.

"दार लाव गं."

"लावलंय, बाबा."

"मग खिडकी."

"खिडकी लावलीस तर मी इथंच उकडून मरेन," आत्या म्हणाली. "पण तुझी आलिओली जगू दे, बहिणीचं काय."

तेवढ्यात खलातले तेल सुटून कडेला आले. मध्ये लसणाची कणी उरली.

"भसकन ओतलंस," सादुर्नी म्हणाले.

हो म्हटले असते तर जेवण सुखाने झाले असते. नेउसने झारी खाली ठेवली.

"नाही ओतलं. झुळूक नव्हती, नजरही नव्हती. तुमचा हात थांबत होता, बाबा. मंगळवारी डॉक्टरांना दाखवायचंय."

बत्ता उचलून, बिघडलेल्या आलिओलीतच, सादुर्नी तो पुन्हा फिरवू लागले. पाचवा फेरा लहान झाला. नवव्याला हात थांबला. त्यांनी तो पाहिला, पुन्हा चालवला. तो पुन्हा थांबला.

"बुडवलेली म्हणू," आत्या हळूच म्हणाली. "मच्छीमार कालवणात मुद्दाम अशी तेल सुटलेलीच घालतात."

"मी मच्छीमार नाही. फुटली म्हणायचं." त्यांनी खल टेबलावर सरकवला. "मंगळवारी मला वाफ्यांना पाणी द्यायचंय."

"साडेनऊची वेळ आहे."

"मग पाणी संध्याकाळी," असे म्हणून त्यांनी वांग्याची एक फोड त्या तेलात बुडवली.