चार खिळ्यांचं रीळ

शेवंतीबाईंना संशय आला तो लाकडावरून. मागच्या खोलीतली भाडेकरीण अनुसया पायरीवर बसून काहीतरी विणत होती, आणि तिच्या मुठीतलं, तोंडाला चार खिळे ठोकलेलं रीळ लाकडी होतं. लाकडी रिळं हल्ली मिळतात कुठे? साखळी गावच्या बाजारात दोरा मागा, प्लॅस्टिकचंच रीळ हातात ठेवतात. लाकडी होती ती शेवंतीबाईंच्या नवऱ्याची, सगुण टेलरची. तो गेला त्याला वर्ष झालं, आणि त्याची कातर, पट्टी, रिळं, सगळं कोठीतल्या पेटीत कुलूपबंद होतं. निदान असायला हवं होतं.

"काय गो करतंस ता?" त्यांनी बाल्कांवातूनच, घराच्या बसायच्या ओट्यावरूनच, हटकलं.

"दोरी विणायलीय काकू." अनुसयानं वर न बघता सांगितलं. "गुंडाळून शिवली की देवाखाली घालायला आसन होतंय बगा."

वर न बघता! शेवंतीबाईंनी तेवढंच मनात टिपलं.

अनुसया बेळगावकडची. तिचा नवरा शंकर बांधकामावर होता. तीन वर्षांत तिनं कधी मीठसुद्धा उसनं मागितलं नव्हतं, आणि आता शेवंतीबाईंना तेही वावगं वाटायला लागलं. इतकं सरळ कोणी असतं का? कोठीचं जनेल तिच्या न्हाणीच्या बाजूला उघडतं, त्याची कडी सैल आहे, हे तिला ठाऊक नसेल कशावरून? खोलीचा करार येत्या रविवारी संपत होता. पणजीला नोकरीला असलेला मुलगा गौरेश त्यासाठी येणार होता, आणि आई म्हणेल ते तो करणार होता. शेवंतीबाईंनी ठरवून टाकलं. रीळ सगुणचं निघालं, तर रविवारी अनुसयानं बिऱ्हाड उचलायचं.

ओळख पटवायला खूण होती. सगुण पूर्वी दुसऱ्या शिंप्यांबरोबर एका दुकानात बसायचा. हत्यारांची अदलाबदल नको म्हणून आपल्या प्रत्येक वस्तूच्या बुडाला त्यानं निळ्या ऑइलपेंटचा ठिपका दिला होता. म्हणजे रीळ उलटं करून पाहिलं की झालं. पण सरळ मागितलं आणि तिनं ते रातोरात नाहीसं केलं तर?

"माका शिकव मगे," दुसऱ्या दिवशी फुलांची टोपली रिकामी करून बाजारातून आल्यावर शेवंतीबाई म्हणाल्या.

अनुसयाला केवढा आनंद झाला! ती आत गेली आणि नळाच्या पाइपाचा वीतभर तुकडा घेऊन आली. त्याच्या तोंडाला चार खिळे दोऱ्यानं घट्ट आवळून बसवले होते.

"शिकणाऱ्याला हेच बरं."

"आणि ता लाकडाचा?"

"ते नको काकू. ते माझं हातातलं हाय."

लाकडी रीळ तिनं पदराखाली सारलं. शेवंतीबाईंनी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

काम दिसायला सोपं होतं. लोकरीचं टोक पोकळीतून खाली सोडायचं, चारी खिळ्यांना एकेक फास घालायचा. मग लोकर खिळ्याला बाहेरून टेकवायची, आणि छत्रीच्या घासलेल्या काडीनं खालचा फास उचलून तिच्यावरून खिळ्याच्या आत टाकायचा. एक झाला की पुढचा. पण शेवंतीबाईंचा जन्म हार बांधण्यात गेलेला. प्रत्येक फेऱ्याला दोरा करकचून ओढायचा, नाहीतर फूल गळतं, हे त्यांच्या बोटांत मुरलेलं. त्यांचे फास खिळ्याला असे आवळले जात की काडी आत शिरायलाच तयार नसे.

"काकू, दोरीला फाशी कशाला देताय?" अनुसया हसली.

"गप रव गो. सैल सोडलेला काय टिकता काय?"

"टिकतंय. सोडून तर बगा. आणि डोळं मिटा. बगत बसलं की हात घाबरतोय."

"डोळे मिटून? ह्या तुका कोणी शिकवला?"

अनुसया गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणत उठून गेली. शेवंतीबाईंच्या मनातली गाठ आणखी घट्ट झाली.

तरी त्या रोज जाऊन बसू लागल्या. पाइपाच्या खालून दोरी बाहेर येत नव्हती तोवर त्यांना हीसुद्धा फसवणूक वाटत होती. वर नुसते फास फिरवत राहायचं, आणि खाली काही नाहीच. मग एका संध्याकाळी टोक ओढल्यावर करंगळीएवढी गोल, गुबगुबीत दोरी बाहेर आली, आणि शेवंतीबाई आपण कशासाठी इथे आलोय ते घटकाभर विसरल्या. विसरल्याचा त्यांना रागही आला.

शनिवारी अनुसयाच्या कुकरनं शिट्ट्यांवर शिट्ट्या घातल्या. ती धावली, आणि लाकडी रीळ पायरीवरच राहिलं. शेवंतीबाईंनी ते उचलून उलटं केलं. दोरी बाजूला सारली. निळा ठिपका.

अनुसया पदराला हात पुसत बाहेर आली तेव्हा त्या रीळ मुठीत घेऊन उभ्या होत्या.

"ह्या खंय गावला तुका?"

"काकांनी दिलं."

"फट मारू नको! माझ्या घोवान कोणाक कधी एक गुंडी दिली नाय."

अनुसयाचा चेहरा उतरला. ती पायरीवर बसली. "काकांना दिसत नव्हतं, काकू," ती हळू म्हणाली. "शेवटच्या वर्षी. सुईत दोरा ओवायला मला बोलवायचे, मग तेबी सोडलं. तुमी बाजारात गेला की हे विणत बसायचे. मला त्यांनीच शिकवलं. पाइपाचा तुकडा मला त्यांनीच करून दिला, आणि दवाखान्यात जाताना हे दिलं."

"माका कित्याक सांगूक नाय?"

"'तिका कळला तर बाजार सोडून घरात बसात' म्हणाले. माझ्याकडनं वचन घेतलं."

"माका ह्या खरा वाटणा नाय," शेवंतीबाई म्हणाल्या आणि रीळ घेऊन तडक घरात गेल्या.

सगुण गेल्यापासून त्या कोठीत पाऊल टाकायचं टाळत होत्या. आज दार ढकललं. पेटी जागेवर होती. चावी लावायला त्या वाकल्या, आणि चावी आत जाईना. कुंभारमाशीनं कुलपाचं भोक मातीनं लिंपून आत घर केलं होतं. माती वाळून दगड झालेली, तिच्यावर धुळीचा थर. हे कुलूप कित्येक महिन्यांत कोणी उघडलेलं नव्हतं. हे पाहायला फक्त कोठीत यायचं होतं.

त्या पेटीवरच टेकल्या. सगुणनं एकदा वर्तमानपत्र उलटं धरलं होतं, आणि त्या पोट धरून हसल्या होत्या. तोही हसला होता. चहा सांडला की, लक्ष खंय असता तुमचा, म्हणून त्या करवादायच्या. त्यांनी रिळावरून बोट फिरवलं. चारांपैकी एका खिळ्याला बुडाशी दोऱ्याचा जाड वेढा होता. तीन खिळे गुळगुळीत, आणि चौथ्याशी बोट अडत होतं. फेरी कुठे सुरू झाली ते बघावं लागू नये म्हणून. डोळस माणसाला त्याची काय गरज?

अनुसयावरचा राग गेला. तो सगुणवर जाऊन बसला, आणि तिथून लवकर उठायची चिन्हं नव्हती.

रविवारी गौरेश कागद घेऊन आला तेव्हा अनुसया आपल्या दारात उभी होती. घरातल्या कपड्यांच्या घड्या तिनं रात्रीच पिशव्यांत भरून ठेवल्या होत्या. शेवंतीबाई बाल्कांवात सगुणचं रीळ घेऊन बसल्या होत्या.

"आई, काय ठरला? तिका खोली खाली करूक सांगू?"

"सही कर त्या कागदार. रवांदे ती."

त्यांनी अनुसयाला हाक मारली. "अगो, पिशये सोड ते. आणि हंय येवन बस. दोरयेचा तोंड कसा बंद करतत ता अजून शिकवूक नाय तू माका."

गौरेश आईकडे बघत राहिला. तिची काडी अडखळत फास उचलत होती, आणि डोळे घट्ट मिटलेले होते.

"डोळे कित्याक मिटलंस गे?"

"तुझ्या बापाशीक कसा दिसत होता," त्या म्हणाल्या, "ता बघतंय."