नावाडीण आणि खडूचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. जादूगार, राक्षस आणि किल्ल्यांच्या लढाईचा खेळ चौघं मिळून खेळतात ना, त्यातला. माझ्यावर होडी वल्हवणाऱ्या एका म्हाताऱ्या नावाडिणीचं चित्र आहे, म्हणून मी तिच्याच तोंडाने बोलते. माझे कोपरे आता गोल झाले आहेत आणि नदीचा निळा रंग विटला आहे. पण आठवण शाबूत आहे.

माझा जन्म छापखान्यात झाला. कागदाच्या एका मोठ्या तावावर आम्ही सगळे शेजारी शेजारी छापले गेलो, पात्याखालून सुटे झालो आणि चकचकीत पाकिटात बंद झालो. पाकिटात माझ्या डोक्यावर एक ड्रॅगन बसला होता. त्याच्या अंगाला सोनेरी वर्ख होता आणि त्याचं वागणंही तसंच होतं. मला वाटलं, पाकीट फुटेल तेव्हा सगळे त्यालाच बघणार. तसंच झालं.

ते पाकीट फुटलं एका टेलरबाईंच्या दुकानात, कापड बेतायच्या लांबलचक टेबलावर. दर शनिवारी संध्याकाळी बाई टेबलावरचं कापड गुंडाळून ठेवायच्या आणि चौघांचा डाव मांडला जायचा. एक स्वतः बाई. दुसरी त्यांच्या बहिणीची मुलगी, हॉस्पिटलात नर्स होती. तिसरा कोपऱ्यावरचा बेकरीवाला. आणि चौथे, समोर घड्याळं दुरुस्त करणारे काका.

त्यांचा एक रिवाज होता. खेळाचा नवा संच बाजारात आला की पाकिटं एकत्र फोडायची. प्रत्येकाने आपल्याला सर्वांत आवडलेला एक नवा पत्ता निवडायचा, टेबलावर उताणा ठेवायचा आणि का आवडला ते सांगायचं. मग पुढचा संच येईपर्यंत तो आपल्या गड्डीतून काढायचा नाही, कितीही हरलात तरी.

बेकरीवाल्याने अर्थात ड्रॅगन उचलला. "हा बघा, माझ्या भट्टीसारखा फुंकतोय!"

"माझी ही दलदल," भाची म्हणाली. "पाय ठेवला की माणूस अडकलाच. आमच्या हॉस्पिटलातला रजेचा अर्ज असाच आहे."

काकांनी एक पितळी घुबड निवडलं. त्याच्या पोटात चाकं होती. काकांनी डोळ्याला भिंग लावून ती तपासली आणि चित्रकार बरोबर आहे असा निकाल दिला.

बाईंनी मला निवडलं. माझ्यावर लिहिलं आहे : नावाडीण आली की टेबलावरच्या प्रत्येकाने एक पत्ता घ्यावा. ज्याच्या हातात सर्वांत कमी असतील त्याने दोन घ्यावेत.

"अहो बाई," बेकरीवाला ओरडला, "ही तर आम्हालाच वाढतेय! लढायला बसलात की वाढायला?"

"समोरचा उपाशी असला तर त्याला हरवण्यात काय मजा?"

"मावशी, तू सारखी हरशील."

"हरेन की. पण पुढच्या शनिवारी तुम्ही याल ना सगळे?"

त्या हसत बोलल्या होत्या, पण मला त्यातलं खरं नंतर कळलं. यजमान गेल्यापासून बाई एकट्याच होत्या. आठवडाभर मशीनची घरघर, आणि गिऱ्हाइकांची बाही आखूड झाल्याची नाहीतर गळा मोठा झाल्याची तक्रार. गप्पा म्हणाल तर त्या शनिवारीच.

आणखी एक गोष्ट सांगते, ती पुढे लागेल. टेलर म्हटला की कापड मारणारच, असं लोक उगीच बोलतात. बाईंना त्या बोलण्याचा भारी राग. म्हणून शिवलेल्या प्रत्येक कपड्याबरोबर त्या उरलेल्या चिंध्यासुद्धा खाकी कागदात बांधून परत द्यायच्या. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, काय करू याचं? बाई म्हणायच्या, टाका, पण तुमच्या हाताने टाका.

माझ्या उमेदीचे दिवस छान गेले. मी टेबलावर उतरले की चारही बाजूंनी हात पुढे यायचे. नवे संच येत गेले. ड्रॅगन डब्यात गेला, दलदल गेली. काकांनी घुबड आणि बाईंनी मला मात्र सोडलं नाही. गड्डीतून मी हातात आले की बाई मला दोन बोटांत धरून जरा वेळ बघत बसायच्या, मगच इतर पत्त्यांत लावायच्या. त्या बोटांना कायम कापडावर खुणा करायचा पांढरा खडू लागलेला असायचा. प्रत्येक पत्त्याला घालतात तसल्या माझ्या प्लास्टिकच्या कव्हरवर पाठीमागे हळूहळू एक पांढुरका अंगठा उमटला. कुणाच्याच ते लक्षात आलं नाही, बाईंच्याही नाही.

मग एका शनिवारी काका बाईंची गड्डी पिसता पिसता थांबले.

"बाई, या कव्हरवर खूण आहे." त्यांनी मला उलटं केलं. "नावाडीण. वाटलंच."

"काय वाटलं?" भाचीने विचारलं.

"पाठीवर खूण असली की गड्डीत पत्ता कुठे आहे ते न बघता कळतं. याला काय म्हणतात ते मी सांगायला नको."

"अहो काका, दर वेळी हरतात त्या!" बेकरीवाला म्हणाला.

"हरणारा खूण करत नाही असा काही नियम आहे का?"

बाईंचा चेहरा धुतलेल्या कापडासारखा पांढरा झाला. "मी आजवर कुणाची चिंधी ठेवली नाही," एवढंच त्या बोलल्या आणि पत्ते गोळा करू लागल्या. काका उठून गेले. अस्तर बदलायला दिलेला त्यांचा कोट दुकानातच टांगलेला राहिला.

बाईंनी मला गड्डीतून काढलं आणि कव्हरसकट बटणांच्या काचेच्या बरणीत खोचलं. तिथून मला सगळं दिसायचं. शनिवार यायचा, टेबलावरचं कापड कुणी उचलायचं नाही. काकांच्या खुर्चीवर आल्टर करायच्या कपड्यांचा ढीग वाढत गेला. भाची नव्या संचाची पाकिटं घेऊन आली, तर बाईंनी ती न फोडता कात्रीशेजारी ठेवून दिली.

"मावशी, अगं खडूचा डाग आहे तो. सांग ना त्यांना."

"मी कशाला सांगू? इतकी वर्षं समोर बसलेत. माझे हात त्यांना माहीत नाहीत?"

"म्हणजे आता खेळायचंच नाही?"

बाईंनी मशीन सुरू केलं. मशीनच्या आवाजात कुणाला काही विचारता येत नाही.

माणसाने वापरायचं सोडलं की वस्तूला वाईट वाटतं. पण खरं सांगते, माझ्या पडून राहण्यापेक्षा ती रिकामी संध्याकाळ मला जास्त टोचायची.

थंडी पडली तेव्हा काका आले. दारातच उभे राहिले.

"कोट झाला का?"

"कधीच झालाय." बाईंनी कोट समोर ठेवला. वर खाकी कागदाची पुडी.

"हे काय?"

"उरलेलं अस्तर. तुमचंच आहे."

काकांनी पुडी हातात घेतली आणि तिच्याकडे बघतच राहिले. कागदावर एक पांढरा अंगठा उमटला होता. मग त्यांची नजर वर गेली. दिव्याच्या बटणावर तसाच अंगठा होता. चहाच्या कपाच्या कानावर, कपाटाच्या कडीवर, दाराच्या चौकटीवर, सगळीकडे तोच. काकांनी आपली बोटं उलटून बघितली. घड्याळाच्या तेलाने ती काळपट झाली होती.

त्यांनी खुर्चीवरचा ढीग बाजूला सारला आणि ते बसले. खिशातून आपली गड्डी काढली. डाव बंद होता तरी ती रोज त्यांच्या खिशात होती! त्यांनी पितळी घुबड शोधलं आणि पालथं ठेवलं. कव्हरवर तेलाचा काळा ठिपका होता.

"हे मला आत्ता दिसतंय," काका म्हणाले.

"मला पहिल्यापासून दिसत होतं," बाई म्हणाल्या.

"मग बोलला नाहीत कधी?"

"बोलायचं काय त्यात? तुम्ही पत्ता उचलायला लागलात की मी सुईत दोरा ओवायला घ्यायचे. म्हणजे नजर खाली, ठिपका दिसायलाच नको."

"आणि मला वाटायचं, बाईंचं खेळात लक्ष नसतं," काका म्हणाले. "चुकलो मी. वाईट बोललो."

"बोललात खरं." बाईंनी डोळे पुसले. गालावर खडू लागला. "आता त्या बेकरीवाल्याला हाक मारा. पाकिटं केव्हाची पडली आहेत."

त्या संध्याकाळी टेबल मोकळं झालं. भाचीने सगळ्यांसाठी नवी कव्हरं आणली. पाकिटं फुटली, रिवाजाप्रमाणे आवडते नवे पत्ते उताणे पडू लागले. बेकरीवाल्याने पुन्हा एक ड्रॅगनच निवडला. काकांची पाळी आली तेव्हा ते उठले, बरणीतून मला बाहेर काढलं आणि टेबलावर उताणं ठेवलं.

"माझा या वेळचा आवडता नवा पत्ता."

"ती जुनी आहे हो काका!" भाची हसली.

"मला नवीन आहे. मी आजवर तिची पाठच बघत बसलो होतो. बाई, या संचापुरती द्याल?"

बाईंनी मान हलवली. मी काकांच्या गड्डीत गेले, आणि पहिल्याच डावात चौघांनाही पत्ते वाढले.

मित्रांनो, आम्हाला हातात घ्यायच्या आधी हात पुसा. कव्हर फाटलं तर बदला, आम्हाला मुडपू नका, नवे पत्ते आले म्हणून जुन्यांना डब्यात विसरू नका. आणि कुणाच्या पत्त्याच्या पाठीवर डाग दिसलाच, तर ओरडण्याआधी तो पत्ता उताणा करून त्यावरचं चित्र एकदा नीट बघा.

मी आता पुन्हा बाईंच्या गड्डीत आहे. नव्या कव्हरवरही पांढरा अंगठा उमटू लागला आहे. बाई पत्ता उचलायला लागल्या की काका त्यांची सुई मागून घेतात. घड्याळवाल्याच्या हाताने दोरा लगेच आत जातो. मग ते तो हळूच काढतात, आणि बाईंचा पत्ता हातात लागेपर्यंत पुन्हा ओवत बसतात.