आतली कडी

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. शाळेच्या वरच्या मजल्यावर, व्हरांड्याच्या अगदी टोकाला, गाण्याच्या खोलीला मी बसवलेला आहे. जुन्या वस्तू स्वतःबद्दल बोलू लागल्या की हळव्या होतात असं तुम्ही ऐकलं असेल. मी हळवा नाही. माझ्या मनात राग आहे आणि तो मी अजून खाली ठेवलेला नाही.

मला घडवणारा सुतार अबोल होता. गाण्याचा आवाज शेजारच्या वर्गांत जाऊ नये म्हणून त्याने मला दुहेरी फळ्यांचा केला, मध्ये कापूस ठासला, कडांना जाड लोकरी पट्टी मारली. माझ्यासारखा भक्कम दरवाजा अख्ख्या इमारतीत दुसरा नव्हता. मला त्याचा फार अभिमान वाटे.

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. तेव्हाच्या गाण्याच्या बाई मला कधी पुरता लावतच नसत. "कोंडल्यासारखं होतं बाई," असं म्हणत त्या माझ्या पुढ्यात खुर्ची सरकवून ठेवत. शेजारचे गणिताचे मास्तर तक्रार घेऊन आले की बाई म्हणत, "तुमची गणितंही आम्हाला ऐकू येतात. आम्ही काही बोलतो का?"

बाई निवृत्त झाल्या आणि तो आला. तरुण, हसरा, बोलण्यात पटाईत. पहिल्याच दिवशी मुलांना म्हणाला, "मला सर नका म्हणू, दादा म्हणा." मुलं हरखून गेली. वर्षभरात शाळेच्या गायनवृंदाने स्पर्धा जिंकल्या, मुख्याध्यापकांच्या खोलीत चषक चमकू लागले. पालक त्याला घरी जेवायला बोलवत. मुख्याध्यापक तर त्याच्याविषयी असं बोलत, जणू तो त्यांचा पोटचा मुलगा.

मग एक दिवस त्याने माझ्या आतल्या अंगाला कडी बसवून घेतली. सरावात व्यत्यय नको, म्हणाला. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. शाळेच्या खोलीला आतून कडी कशाला, हा साधा प्रश्न कुणाच्या मनात आला नाही.

गायनवृंदात तेरा वर्षांची एक मुलगी होती. मुलींमध्ये तिचा आवाज सगळ्यात खालचा, म्हणून मैत्रिणी तिला खर्ज म्हणत आणि तिला ते आवडे. दादाने तिला खास सरावासाठी एकटीला थांबवायला सुरुवात केली. आधी भेटी दिल्या. मग म्हणाला, "हे आपल्या दोघांतच ठेव हं. तुझ्या आईला गाण्यातलं काय कळतं?" मग एकेक करून तिच्या मैत्रिणी तिच्यापासून तोडल्या.

त्यानंतर आत काय झालं ते मी सांगणार नाही. ते तिचं आहे. कुणाला, किती आणि कधी सांगायचं हे तीच ठरवेल. कोणत्याही मोठ्या माणसाने कोणत्याही मुलाशी जे कधीच करू नये, ते तो करत होता. आणि ती ओरडली होती, मित्रांनो. तिचा आवाज माझ्यापर्यंत आला आणि माझ्या कापसात विरून गेला. बाहेर व्हरांड्यात तेव्हा माणसं उभी होती. सुट्टीत कुठे जायचं याचे बेत करत होती.

खर्जची आई लोकांना मोटार चालवायला शिकवत असे. सगळे तिला गाडीवाल्या बाई म्हणत. बुटकी, ठाम, आवाज न चढवता समोरच्याला घाम फोडणारी बाई. मुलगी गायची थांबली, जेवायची थांबली, तेव्हा तिने समोर बसवून उलटतपासणी केली नाही. ती तिला गाडीतून फिरवू लागली. दोघींच्या नजरा रस्त्यावर. अशाच एका फेरीत खर्ज बोलली. आईने गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवरचे हात सोडले नाहीत, आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. तुझी काही चूक नाही. आता पुढचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली आणि मुख्याध्यापकांना घेऊन थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"ही कडी कुणी बसवली?" तिने विचारलं.

"ताई, शांतपणे घ्या," मुख्याध्यापक म्हणाले. "तो मुलगा तसा नाही. या वयात मुली काहीबाही मनात धरतात. आणि इतकं झालं म्हणता, तर ती ओरडली का नाही? व्हरांड्यात कायम वर्दळ असते."

गाडीवाल्या बाईंनी कडीवर बोट ठेवलं. "हा प्रश्न लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "मी तो विसरणार नाही."

त्यांनी पोलिसांत तक्रार केली. शाळेने मात्र दादाच्या बाजूने भरभरून सांगितलं आणि चौकशी रखडली. तो राजीनामा देऊन निघाला, तेव्हा त्याला निरोपाचा गुच्छ मिळाला. याच खोलीत टाळ्या झाल्या. मुख्याध्यापकांनी स्वतः फोन करून त्याला दुसऱ्या शाळेत चिकटवून दिलं. मी बिजागऱ्यांवर लटकत सगळं पाहत होतो आणि आतल्या आत जळत होतो.

गाडीवाल्या बाई रडत बसल्या नाहीत. मुलांच्या सुरक्षिततेचं काम करणाऱ्या लोकांकडे जाऊन त्या रीतसर शिकल्या आणि शाळाशाळांतून शिक्षकांना आणि पालकांना शिकवू लागल्या. कुणी कौतुकाने म्हणालं, "केवढी समाजसेवा करता तुम्ही," तर त्या म्हणत, "छे. मी सूड घेतेय. त्याला लपायला एकही कोपरा शिल्लक ठेवायचा नाही, एवढंच माझं काम."

आणि सगळ्यात आधी त्या पोचल्या त्याच दुसऱ्या शाळेत. त्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. चौकशी चालू होती. नाव घेतलं असतं तर तो पीडिताचं सोंग घेऊन बसला असता. त्यांनी फक्त शिकवलं. कुणी एकाच मुलाला भेटी देतंय, गुपितं ठेवायला सांगतंय, इतरांपासून तोडतंय, तर डोळे उघडे ठेवा. मूल बोललं तर मध्ये तोडू नका, किंचाळू नका, आधी का नाही सांगितलंस असं विचारू नका. कुणाला सांगणार नाही असं वचनही देऊ नका. त्याच दिवशी कळवा, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला मुलांपासून दूर करा. तो मागच्या रांगेत बसून हसत होता म्हणे. त्याच्या शेजारी बसलेल्या खेळाच्या बाई मात्र मन लावून ऐकत होत्या.

काही महिन्यांनी तिथली एक मुलगी खेळाच्या बाईंजवळ दबकत बोलली. प्रशिक्षणात शिकलेलं त्यांनी तंतोतंत केलं. संध्याकाळच्या आत तो पोलिसांच्या ताब्यात होता. मग खर्जची तक्रार पुन्हा वर आली, आणखी मुली पुढे आल्या, आणि न्यायालयाने त्याला तुरुंगात धाडलं. शिपायाने ही बातमी व्हरांड्यात मोठ्याने वाचली, तेव्हा मला कुणी पुन्हा झाडाच्या रूपात उभं केलं असतं, तरी इतका आनंद झाला नसता.

पण माझं समाधान झालं नव्हतं. गाडीवाल्या बाईंचंही नाही.

आमच्या शाळेच्या संचालकांचे आता धाबे दणाणले. त्यांनी बाईंना सन्मानाने बोलावलं. बाईंनी एकच अट घातली: प्रशिक्षण गाण्याच्या खोलीत होईल आणि मुख्याध्यापक पहिल्या रांगेत बसतील. शिक्षक आले, पालक आले, शिपाई आणि बसचालकही आले. थोडं बोलून झाल्यावर बाई म्हणाल्या, "सर, जरा मदत कराल? आम्ही सगळे बाहेर जातो. तुम्ही आतून कडी लावा आणि जोरात हाक मारा."

मुख्याध्यापक कसनुसं हसले. कडी लागली. सगळे व्हरांड्यात माझ्यासमोर उभे राहिले आणि कान टवकारले. काहीच ऐकू येईना.

आता मी काय केलं ते ऐका. हवा दमट होती, लाकूड फुगलं होतं. मुख्याध्यापक कडी ओढू लागले आणि मी ती धरून ठेवली. ते ओरडले, मी आवाज गिळला. त्यांनी दोन्ही हातांनी मला धपाधप मारलं. बाहेर जेमतेम एक दबका ठोका पोचला, कुणी खालच्या मजल्यावर खुर्ची सरकवावी तसा.

"आत पन्नाशी ओलांडलेला धडधाकट पुरुष आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "आपण त्यालाच ऐकायला इथे उभे आहोत. तरी ऐकू येत नाही. आता समजा आत तेरा वर्षांची मुलगी आहे आणि कुणी ऐकायला उभंच नाही."

एका पालकाने मान खाली घातली. कुणीतरी म्हणालं, "अहो, उघडा आता." बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि भेटवस्तूंबद्दल बोलत राहिल्या. मला वाटलं तेव्हा मी कडी सोडली.

मुख्याध्यापक बाहेर आले. सदरा घामाने भिजलेला होता. बाईंनी त्यांना पाण्याचा पेला दिला. ते पाणी प्यायले तोवर थांबल्या. मग सगळ्यांदेखत विचारलं, "इतका वेळ आत होतात, सर. मग ओरडला का नाहीत?"

"मी ओरडत होतो," ते पुटपुटले. "केव्हाचा ओरडत होतो."

"हो," बाई म्हणाल्या. "तीही."

मित्रांनो, मला मुख्याध्यापकांची दया आली नाही, आणि येईल असं वाटतही नाही. वर्ष संपायच्या आत त्यांना खुर्ची सोडावी लागली. त्यांना गुच्छ कुणी दिला नाही.

त्या प्रशिक्षणानंतरच्या आठवड्यात एक सुतार आला. त्याने कडी उपटून काढली, करवतीने माझ्या छातीला मोठं भोक पाडलं आणि त्यात काच बसवली. लाकडाला कापणं सोसत नाही, पण प्रत्येक ओढीला मला गोड वाटत होतं. आता व्हरांड्यातून जाणाऱ्या कुणालाही आतलं सगळं दिसतं. माझा जुना अभिमान भुशात पडला आणि केरसुणीने तो झाडून नेला.

खर्ज आता मोठी झाली आहे. आईसारखीच गाडी शिकवते. एकदा आली होती. काचेतून आत पाहिलं, मुलं गात होती. ती आत आली नाही, गायलीही नाही. तिने गावं असं मी म्हणणार नाही. ते तिच्यावर आहे. तिच्याकडून जे हिरावलं गेलं ते कुठल्याही तुरुंगाने परत येत नाही. म्हणूनच माझा राग कमी होत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात की आम्हाला जपा. मला जपू नका. मुलांना जपा. तुमच्यापैकी कुणाला कुणी गप्प बसायला सांगितलं असेल, तर एकाला सांगा; त्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, कुणीतरी ऐकेपर्यंत सांगत राहा. आणि मोठ्यांनो, ऐकल्यावर पहिला प्रश्न त्या मुलाला विचारू नका; स्वतःला विचारा.

परवा नवा शिपाई तेलाची कुपी घेऊन आला होता. माझ्या बिजागऱ्या फार करकरतात, म्हणाला. गाडीवाल्या बाई नव्या शिक्षकांना शिकवायला आल्या होत्या. त्यांनी त्याचा हात धरला.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "करकरू दे त्याला. कुणी आत गेलं की सगळ्या मजल्याला कळलं पाहिजे."