कुंदाताईची जोडणी

माझी मोठी बहीण कुंदाताई आषाढात स्वतःच्या शिल्पात राहायला गेली. तेव्हापासून ती तेवीस तुकड्यांत आहे. लोखंडी पाइप, पत्रे, जाळ्या आणि एक लाल कमान. आमच्या वर्कशॉपमध्ये त्यांना रंग मीच मारला होता. ते सोडवून कुणीही हवे तसे पुन्हा जोडावेत, हे ताईचं म्हणणं.

शिल्प अंबडमधल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये असतं. लोक येतात, जोडतात, आणि जोडणीप्रमाणे ताईचं काहीतरी येतं. निळ्या पत्र्यावर पिवळा पाइप बसला की तिचा खोकला. पोपटी जाळी आडवी लावली की तिच्या केसांचा वास. सगळी ती कधी येत नाही.

मंगळवारी शेडची देखरेख करणाऱ्या शेवंतामावशी म्हणाल्या, "काल एका जोडप्यानं तिचा आवाज जोडला होता. तासभर तुझं नाव घेत होती."

"मग?"

"मग शाळेची सहल आली. पोरांनी उंट केला."

"कसं जोडलं होतं?"

"कमान खाली होती. तेवढंच बघितलं मी."

मी रजा टाकली आणि पाना घेऊन शेडमध्ये बसलो. कमान खाली ठेवून बाकीचे बावीस तुकडे फिरवत राहिलो. एक नट आवळला की समोरची भिंत वीतभर पुढे यायची. सोडला तरी मागे जायची नाही. चौथ्या दिवशी आत शिल्प आणि मी एवढेच मावत होतो. मावशी बाहेरून चहा सरकवत होत्या.

"आता पुरे कर. दार लहान झालंय."

"कप येतोय ना?"

"बशी येत नाही."

दुपारी शेवटचा पाइप बसला आणि ताई बोलली.

"मुकुंद, किती दिवसांनी आलास रे."

मी पाना खाली ठेवला.

"आहेस ना? दिसत नाहीस. जरा पुढे ये."

माझं कपाळ पत्र्याला टेकलेलं होतं. "इथेच आहे, ताई."

"दिसत नाहीस."

मावशी बाहेरून म्हणाल्या, "डोळे एकदाच आले होते, दिवाळीत. तेव्हा कमान वर होती."

कमान एकच होती. ती काढली की आवाज जाणार, आणि ही जोडणी मला पुन्हा जमेल याचा भरवसा नव्हता. मागची भिंत पाठीला लागली होती.

"ताई, मला बघायचंय का तुला?"



"बारीक झालायस का, तेवढंच बघते."

मी कमानीच्या नटाला पाना लावला. माझ्याच रंगानं तो घट्ट धरला होता. दोन्ही हातांनी जोर दिला. तो फिरला तेव्हा ती म्हणत होती, "मुकुं