काठोकाठ भरलेली टाकी

"इंजिन गेलं असेल, तर गाडी भंगारात," असं बाबा म्हणाले. आमच्या म्हाताऱ्या गाडीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रावण, रोज कमी व्हायचं. गळती शोधायला मी गाडीखाली पुठ्ठा सरकवला, बाबांनी इंजिन तापवलं. पाइप कोरडे, रेडिएटर कोरडा. थेंब पडत होते ते कूलंटच्या टाकीच्या झाकणाखालून.

"बाबा, टाकी किती भरता?"

"काठोकाठ! बिचारीला कमी पडायला नको."

"अहो, मग टाकीवर वरची खूण कशाला आहे? कूलंट तापलं की फुगतं आणि जास्तीचं बाहेर येतं!"

कूलंट खुणेपर्यंतच ठेवून आम्ही लांब चक्कर मारून आलो. गाडीखाली नवा पुठ्ठा सरकवला, तर तो ठणठणीत कोरडा!

"लाड नडले," आई हसली.

बाबांनी बॉनेट थोपटलं. "म्हातारे, सांगायचंस तरी!"

"रोज सांगत होती, बाबा!"