दहा सेंटिमीटरची रेघ

जावयाच्या हातून काही धड होईल यावर सासरेबुवांचा काडीचाही विश्वास नव्हता. बत्तीस वर्षं ड्राफ्ट्समनची नोकरी केलेला माणूस. त्यांच्या लेखी बाकीचं जग नुसती वेडीवाकडी कात्री चालवत होतं. वाचनालयाच्या काचेच्या कपाटात कागदी स्पेस शटल ठेवायचं ठरलं होतं. त्याच्या पोटातल्या मालकक्षाची दारं उघडी आणि आत अवकाश स्थानकाचं एक मॉड्यूल. दोन्हींचे नमुने एकाच संचातले, संगणकावरून जाड कागदावर छापून कापायचे. शटल सासऱ्यांनी केलं, पाच महिने खपून. मॉड्यूल लेकीच्या हट्टापायी जावयाकडे गेलं. त्या कपाटात आपलं काम मांडलं जावं एवढी एकच हौस म्हाताऱ्याला उरली होती, आणि ती ते गावभर सांगत सुटले होते.

रविवारी जावई मॉड्यूल घेऊन आला. ते शटलच्या पोटात जाईना. सरळ धरलं, तिरकं धरलं. दोन्ही कडांना अडकलं.

"वाटलंच होतं," सासरे म्हणाले. "जावईबापू, हे मॉड्यूल आहे की पाण्याची टाकी? डोळे मिटून कापलंत वाटतं."

जावई चाचरत म्हणाला, "बाबा, छापल्यावर कडेची रेघ मोजली होती ना तुम्ही? दहा सेंटिमीटर भरते का बघायला दिलेली?"

"मला रेघ शिकवता? जन्मभर रेघाच मारल्या मी. ती कड पहिल्याच दिवशी कापून फेकली."

"फेकली कुठे," सासूबाई म्हणाल्या. हातातल्या पुस्तकातून त्यांनी खुणेची पट्टी काढली. शटलच्या कागदाचीच कड ती, रेघेसकट. जाड कागद म्हणून त्यांनी उचलून ठेवली होती.

सासऱ्यांनी आपली स्टीलची पट्टी लावली. नऊ सेंटिमीटर सहा मिलिमीटर. पट्टी उलटी करून पुन्हा लावली. छापताना संगणकाने 'पानात बसवू का?' असं विचारलं होतं आणि यांनी ऐटीत हो म्हटलं होतं. नाकापासून शेपटीपर्यंत अख्खं शटल चार टक्क्यांनी आटलं होतं.

"दमट हवेने कागद आक्रसतो," ते म्हणाले. सासूबाईंनी खुणेची पट्टी परत पुस्तकात घातली. मग मात्र त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कपाटात मॉड्यूल एकटंच गेलं. खालच्या कार्डासाठी वाचनालयाला सुबक अक्षर हवं होतं, आणि तसं अक्षर त्या घरात एकाच माणसाचं होतं. सासऱ्यांनी तीन कार्डं फाडली. चौथ्यावर जावयाचं नाव लिहिलं आणि त्याखाली, बराच वेळ थांबून, 'प्रमाण अचूक'.